कागदावरचा ओढा

"साहेब, खुंट्या पुन्हा गेल्या."

बाबर खलाशी, मोजणीतला माझा मदतनीस, हातातली दोरी गुंडाळत माळावर उभा होता. सकाळचे आठच वाजले होते, पण एप्रिलचं ऊन डोळ्यांत शिरायला लागलं होतं. आदल्या दिवशी आम्ही दोघांनी टेकाडाच्या अलीकडून पलीकडपर्यंत चौदा खुंट्या ठोकल्या होत्या. प्रत्येकीभोवती चुन्याचा गोल काढला होता. आता ना खुंटी होती, ना चुना. मी गुडघ्यावर बसून जमीन पाहिली. खुंट्यांची भोकं मातीनं बुजवून वरून कुणीतरी बाभळीच्या फांदीनं झाडून घेतलं होतं.

"जळणाला नेल्या असतील कुणी," मी म्हणालो.

"जळणाला नेणारा चुना कशाला पुसेल, साहेब?" बाबर म्हणाला. "ही तिसरी खेप आहे. हा रस्ता सरळ व्हायला कुणाला तरी नको आहे."

त्यानं हनुवटीनं उत्तरेकडे खूण केली. तिकडे मदनेवस्तीची बावीस घरं उन्हात बसली होती. एका दारात एक म्हातारी उभी होती. आम्ही वळून पाहिल्यावर ती आत गेली.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. मी तेव्हा कनिष्ठ अभियंता होतो, वय एकतीस. आमच्याकडचा तो राज्यमार्ग कर्नाटकाच्या शिवेकडून निघतो आणि साठ-पासष्ट किलोमीटर नुसत्या माळरानातून पश्चिमेला येतो. झाड नाही, नदी नाही. फूटभर मातीखाली मुरूम, त्याखाली खडक. पूर्वी तिथून लोकरीच्या आणि मिठाच्या गाड्या जायच्या. बहात्तरच्या दुष्काळात त्या गाडीवाटेवर सरकारी काम निघालं, हजारो माणसांनी खडी फोडली आणि रस्ता झाला. पुढं बारा वर्षांनी त्याला डांबर लागलं, राज्यमार्गाचा नंबर मिळाला.

नकाशावर पाहिलं तर हा रस्ता फूटपट्टीनं आखल्यासारखा. सलग अकरा किलोमीटर तो तसूभर हलत नाही. आणि मग मदनेवस्तीजवळच्या टेकाडापाशी, काही कारण नसताना, एकदम उत्तरेला काटकोनात वळतो, टेकाडाला वळसा घालतो आणि पुन्हा आपल्या रेषेवर येतो. अकरा किलोमीटर सरळ आल्यावर ड्रायव्हरचा पाय जड झालेला असतो, त्यात संध्याकाळी सूर्य समोर. आदल्या माघात लग्नाहून परतणारी जीप त्या वळणावर ट्रकवर गेली. सात माणसं जागीच गेली. त्यानंतर वळण काढून टाकायचा हुकूम आला आणि टेकाड कापून सरळ रेषा आखायचं काम माझ्याकडे आलं.

तिसऱ्यांदा खुंट्या गेल्यावर मी कचेरीत जाऊन जुनी फाइल काढायला सांगितली. आमचे डेप्युटी शिर्के साहेब निवृत्तीला आले होते. फाइलचं नाव ऐकून ते हसले.

"मुजावरचं वळण ना? वाच, वाच."

मंजूर नकाशात रेषा सरळ होती. प्रत्यक्षातला रस्ता वळलेला. त्याचं कारण ओव्हरसियर मुजावर यांनी स्वतःच्या अक्षरात एका ओळीत दिलं होतं: 'मध्ये ओढा असल्याने आखणी बदलली.'

"पण तिथं ओढा नाही," मी म्हणालो.

"नाहीच. कधीच नव्हता. चौकशी झाली तेव्हा साहेब लोक स्वतः जाऊन पाहून आले. मुजावरला विचारलं, ओढा दाखव. तो गप्प. कुणाकडून काय घेतलंस ते सांग. गप्प. शेवटी नोकरी गेली त्याची. सांगलीला कुठंतरी सायकलचं दुकान टाकलं म्हणतात. त्यातच वारला." शिर्के साहेबांनी फाइल बंद केली. "खाल्ल्याशिवाय कुणी रस्ता वाकडा करत नाही, होनराव. आता तू आखतोयस, तुझ्यावरही लोकांचं लक्ष असणार. जपून."

कुणाकडून खाल्लं असेल, याचा मी घरी जाईपर्यंत विचार करत होतो. वळणाचा फायदा कुणाला? तिथं ना हॉटेल, ना बागायत. फक्त ती वस्ती.

त्या रविवारी आम्ही आवळगावला जेवायला गेलो. माझी बायको रजनी त्याच गावची. टेकाडाच्या दक्षिणेला तीन किलोमीटरवर तिचं माहेर. तिचे थोरले भाऊ संपतराव गावातलं मोठं प्रस्थ. डाळिंबाची बाग, दोन ट्रॅक्टर, आणि उन्हाळ्यात तालुक्यातले निम्मे टँकर त्यांचे. मला ते फार मानायचे.

"दाजी, वळण काढताय ते बरं करताय," ते भाकरी मोडत म्हणाले. "पण त्या मदनेवस्तीवर जरा नजर ठेवा."

"का?"

"सगळा तालुका टँकरसाठी माझ्या दारात उभा आहे. ही एक वस्ती अशी की आजवर टँकर मागितला नाही. एकदासुद्धा नाही. विचारलं तर म्हणतात, आमचा आड आहे. तो आड मी आत उतरून बघितलाय. वटवाघळं राहतात आत." त्यांनी घास हातातच ठेवला. "आणि बकरी बघा त्यांची. वैशाखात अशी तुकतुकीत?"

"लोक म्हणतात दारू गाळतात," मी म्हणालो. बाबरनं मला तसं सांगितलं होतं.

"गाळू देत की. पण गाळायला पाणी लागतं ना, दाजी? ते कुठनं येतं?"

हे विचारताना त्यांचा आवाज खाली आला होता. रजनी भाजी वाढायला वाकली होती, ती म्हणाली, "दादा, जेवताना तरी टँकर नको."

"तुमच्याकडे ते दुर्बिणीचं यंत्र आहे," संपतराव तिच्याकडे लक्ष न देता म्हणाले. "दिवसभर माळावर असता. दिसेल ते सांगा मला."

मी हो म्हणालो. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. उलट चौदा खुंट्या, ओव्हरसियरचा खोटा ओढा, आटलेला आड आणि तुकतुकीत बकरी हे सगळं एकाच धाग्यात बसतंय आणि तो धागा आपल्या हाती लागणार, असं वाटून मला हुरूपच आला.

आमच्या जुन्या डंपी लेव्हलच्या दुर्बिणीत चित्र उलटं दिसायचं. आकाश खाली, जमीन वर. दुसऱ्या दिवसापासून मी माप घेतल्याचं सोंग करून ती दुर्बीण वस्तीकडे लावून बसलो. सकाळी काही नाही. संध्याकाळी काही नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, चार बायका डोक्यावर गोवऱ्यांच्या टोपल्या घेऊन टेकाडाच्या झुडपांत शिरल्या. अर्ध्या तासानं परत आल्या. टोपल्यांवर गोवऱ्या तशाच. पण जाताना त्यांचे हात मोकळे झुलत होते आणि येताना माना ताठ होत्या, प्रत्येकीचा एक हात वर टोपलीला.

जड काहीतरी होतं. दारूचे डबे, मी मनाशी म्हटलं.

बाबरला मी तालुक्याला चुना आणायला पाठवलं आणि एकटाच टेकाडावर चढलो. बाभळी आणि निवडुंग इतके दाट लावले होते की दहा पावलांवरून आत वाट आहे हे कळू नये. मी वाकून आत शिरलो. शर्ट दोन ठिकाणी फाटला. आत एका खोलगट जागी रस्त्याखालच्या मोऱ्यांवर घालतात तशा दगडी फरश्या अंथरल्या होत्या, एक बाजूला सरकलेली. त्या फटीतून गार हवा येत होती. मी पालथा पडून आत पाहिलं. अरुंद पायऱ्या खाली गेल्या होत्या, आणि तीन पुरुष खोलीवर पाणी होतं. स्वच्छ, काळं, हलतं पाणी. हलतं होतं, कारण एका बाजूच्या खडकातून बोटभर धार पडत होती.

एप्रिलमध्ये त्या माळावर असं पाणी मी कधी पाहिलं नव्हतं. तिथं कुणीच पाहिलं नव्हतं.

"हात लावू नगा."

मी दचकून उठलो. मागं ती म्हातारी उभी होती, गजराबाई मदने. हातात विळा. तो तिनं उगारला नव्हता, पण खालीही ठेवला नव्हता.

"खुंट्या तुम्ही काढता?" मी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"मी काढते. सिदू भोकं बुजवतो. पोरी चुना झाडत्यात."

सिदू म्हणजे तिचा दीर. रस्त्यावर मैलकुली म्हणून त्यानं आमच्याच खात्यात आयुष्य काढलं होतं. तोही धापा टाकत वर आला, मला पाहून जागच्या जागी खाली बसला.

"संपलं," तो म्हणाला. "वैनी, संपलं सगळं."

"हे पाणी कुणाला माहीत आहे?" मी विचारलं.

"वस्तीला," गजराबाई म्हणाली. "त्येबी समद्यांला न्हाई. नवी सून आली की पैलं मूल हुस्तोवर आमी तिला सांगत न्हाई. लेकी तर सासरी जाताना शपत घिऊन जात्यात."

"आणि मुजावर साहेबांना माहीत होतं."

विळा तिनं कमरेला खोचला.

"बहात्तर साली हितं रस्त्यासाटी टेकाड कापायचं काम चाललं व्हतं. मी पोटुशी व्हते. पहार मारली तर मुरूम वला निघाला. आनखी मारली तर पानी. त्या टोळीत समद्या आमच्याच वस्तीच्या बायका, त्या वरडायला लागल्या. मुजावर साएब पळत आले. पानी बघितलं, आनि समद्यांला गप केलं. म्हनले, तुमच्या जुन्या हिरीचं काय झालं व्हतं?"

"काय झालं होतं?"

"आमची हीर व्हती खाली, वाडवडिलांची," सिदू म्हणाला. "आवळगावानं इंजनं लावली. म्हनले, पानी समद्यांचं. दोन वर्सांत हीर कोरडी. उसाला गेलं पानी. आमची सात जित्राबं मेली आनि माजी आई पान्याला जाताना माळावर पडली ती उठली न्हाई."

"साएबांला ते मी सांगितलं," गजराबाई म्हणाली. "ते लई येळ बसून ऱ्हायले. मग म्हनले, रस्ता हितनं गेला तर टेकाड कापावं लागंल, झरा तुटंल. न्हाई तुटला तरी रस्त्यावरच्या पान्याला धा धनी. मी रस्ता फिरवतो. तुमी ह्ये झाकून टाका. मोरीच्या फरश्या त्येंनीच दिल्या."

"आणि त्यांची नोकरी गेली."

"गेली."

"चौकशीला तुम्ही बोललात का नाही?"

"साएबांनीच सांगितलं व्हतं, बोलायचं न्हाई." तिनं फटीतून खाली पाण्याकडे पाहिलं. "पर खरं सांगू? त्येंनी सांगितलं नसतं तरी आमी बोललो नसतो."

तिच्या आवाजात लाज नव्हती आणि फुशारकीही नव्हती. मला राग आला. तो कशाचा आला हे मला आजही नीट सांगता येत नाही.

"त्या वळणावर सात माणसं मेली आहेत, बाई. तुमच्या या पाण्यासाठी."

"ठाव हाय," ती म्हणाली. "त्यातली दोन आमची. माजी नात व्हती त्या जीपमदी."

सिदूनं तोंड फिरवलं. खाली पाण्यात धार पडत होती, तिचा आवाज येत होता.

"तुमी संपतरावांचं दाजी," गजराबाई म्हणाली. "आमी हात जोडनार न्हाई. जोडून उपेग बी न्हाई. तुमी घरी जानार, बायकूला सांगनार. बायकू भावाला सांगंल. आनि मग इंजान यील. तवा काय करायचं ते तुमी करा."

मी खाली उतरलो.

त्या संध्याकाळी रजनीनं फाटलेला शर्ट पाहून विचारलं, "हे कुठं अडकलं?"

"बाभळीला."

"दादा विचारत होता फोनवर. काही दिसलं का वस्तीत?"

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती सहज विचारत होती. पण मला गजराबाईचं बोलणं आठवलं आणि मी म्हणालो, "काही नाही तिथं. बकरी आहेत, बस."

मी तीन दिवस नकाशा घेऊन बसलो. वळण तसंच ठेवणं मला शक्य नव्हतं. आठवा माणूस मेला असता तर तो माझ्या नावावर. टेकाड कापणंही शक्य नव्हतं. शेवटी मी तिसरी रेषा काढली. टेकाडाच्या दक्षिणेनं, दोन किलोमीटर आधीपासून सुरू होणारं, इतकं लांबट आणि सावकाश वळण की गाडीतल्या माणसाला आपण वळतोय हे कळूसुद्धा नये. रस्ता म्हणून ते उत्तम होतं. फक्त ते आवळगावच्या शिवारातून जात होतं, आणि त्याची एक कड संपतरावांच्या डाळिंबाच्या बागेत शिरत होती. आणखी खाली नेलं तर वळण पुन्हा तंग होत होतं. मी तासन् तास घालवले, पण बाग चुकेना.

टेकाड का सोडलं, याचं कारण कागदावर लिहावं लागतं. मी लिहिलं: 'टेकाडाची जमीन खचणारी असल्याने.' सही करताना मला मुजावरांची ती एक ओळ दिसत होती. प्रस्ताव मंजूर झाला. शिर्के साहेबांनी माझ्याकडे नुसतं रोखून पाहिलं.

पुढच्या वर्षी काम सुरू झालं. भराव झाला, खडी पडली. मग बागेची कड तोडायची वेळ आली आणि संपतराव घरी आले. चहाला हात लावला नाही.

"दाजी, टेकाड सोडून माझी बाग का?"

"टेकाडाची जमीन बरी नाही."

"त्या टेकाडावर मी लहानपणी उड्या मारल्यात. खडक आहे तिथं." ते रजनीकडे वळले. "विचार तुझ्या नवऱ्याला, मदनेवस्तीनं काय दिलं."

आठ दिवसांत तक्रार गेली. मदनेवस्तीकडून आठ बोकड आणि रोख रक्कम घेऊन अभियंता होनराव यांनी आखणी बदलली, असं तिच्यात होतं. बोकड कुणी पाहिले नव्हते, पण कचेरीत माझ्या टेबलाजवळून जाताना लोक हळूच बकरीसारखं ओरडायचे.

चौकशी तालुक्याच्या डाक बंगल्यात झाली. चौकशी अधिकारी शांत माणूस होता, दर प्रश्नानंतर चष्मा पुसायचा. संपतराव खिडकीपाशी बसले होते. वस्तीच्या वतीनं गजराबाईला बोलावलं होतं. ती दारातच उभी राहिली.

"आजी, या साहेबांना ओळखता?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. वाटेवरच्या दगडाकडे पाहावं तसं.

"न्हाई."

"तुमच्या वस्तीजवळ वर्षभर हे मोजमाप करत होते."

"असत्याल. सरकारी मानसं येत्यात, जात्यात."

"त्यांनी रस्ता तुमच्या टेकाडावरून न नेता खालून का नेला?"

"आमाला काय ठाव?"

"तुम्ही त्यांना काही दिलंत?"

"आमच्याकडं काय हाय द्यायला?"

अधिकाऱ्यानं चष्मा पुसला आणि मला विचारलं, "तुम्हाला यांना काही विचारायचं आहे?"

एक प्रश्न पुरला असता. 'बाई, तुम्ही पाणी कुठलं पिता?' एवढाच. ती दाराची चौकट धरून उभी होती. मी काय विचारतो याची ती वाट पाहत होती, हे फक्त मलाच कळत होतं.

"नाही," मी म्हणालो.

"ठीक. जमीन खचणारी आहे असं तुम्ही लिहिलंत. चाचणी खड्डा घेतला होता?"

"नाही."

"मग आता घेऊ. टेकाडावर चार ठिकाणी खणून पाहिलं की प्रश्न मिटेल. जमीन खचणारी निघाली तर तुम्ही सुटलात."

"माझी माणसं देतो," संपतराव लगेच म्हणाले. "उद्याच. टेकाड सगळं उलटं करून दाखवतो."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते. ते गजराबाईकडे पाहत होते, आणि जेवताना पाण्याबद्दल बोलताना जसे दिसले होते तसेच दिसत होते. गजराबाईच्या हाताची बोटं चौकटीवर पांढरी पडली होती.

"खणायची गरज नाही," मी म्हणालो. "जमीन खचणारी नाही. मी पाहणी न करताच लिहिलं."

अधिकाऱ्यानं लिहिणं थांबवलं.

"होनराव," अधिकारी म्हणाला, "याचा अर्थ काय होतो ते कळतंय तुम्हाला?"

"हो."

"मग का लिहिलंत?"

"चूक झाली माझी. तसं नोंदवा."

त्यानं नोंदवलं. मी सही केली. गजराबाई कधी निघून गेली ते मी पाहिलं नाही. बाहेर आलो तेव्हा ती एसटीच्या थांब्यावर पाठमोरी उभी होती. मी तिथून गेलो. तिनं मान वळवली नाही.

सात महिने मी निलंबित होऊन घरी बसलो. लाच सिद्ध झाली नाही. हलगर्जी सिद्ध झाली. बढती रोखली गेली, बदली लांब झाली, आणि पुढं निवृत्तीपर्यंत कुठल्याही रस्त्याची आखणी माझ्या हाती कुणी दिली नाही. काम अर्ध्याच्या पुढं गेलं होतं, त्यामुळे रस्ता मात्र माझ्या रेषेवरच पुरा झाला. तिथं आजवर माणूस दगावल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

चौकशीच्या त्या संध्याकाळी रजनीनं ताट वाढलं आणि समोर बसून विचारलं, "खरं सांगा. घेतलं होतंत का काही?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

त्या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. तिचं माहेरी जाणं थांबलं. दिवाळी नाही, राखी नाही. नवऱ्याच्या करणीनं तिला तिथं तोंड दाखवायची लाज वाटते, असं मी धरून चाललो. ते मला फार लागायचं. एवढं नाही म्हणून सांगितलं तरी हिचा विश्वास नाही, असं वाटायचं, आणि मीही मग गप्प राहायचो.

मागच्या उन्हाळ्यात बाबरचा फोन आला. मदनेवस्तीला धरणाची नळयोजना पोचली होती, घरोघर नळ. गजराबाई आणि सिदू जाऊन बरीच वर्षं झाली होती. टेकाडावरच्या झऱ्याचं वस्तीनं स्वतःच ग्रामसभेत सांगितलं आणि त्यावर कठडा बांधला, असंही तो म्हणाला. "आपण उगाच दारू दारू म्हणत होतो, साहेब."

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेलो. रजनी मेथी निवडत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि पहिल्या खुंटीपासून सगळं सांगितलं. तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही. सांगून झाल्यावर मला मोकळं वाटलं. आता ही काय म्हणेल, याची मी जरा आशेनंच वाट पाहत होतो.

"दादाला जाऊन सहा वर्षं झाली," ती म्हणाली. "तो असेपर्यंत सांगितलं नाहीत, ते समजलं. त्यानंतर का नाही?"

मी मेथीची एक काडी उचलून तिची पानं खुडू लागलो.

"मी तुम्हाला एकदा विचारलं. तुम्ही नाही म्हणालात. मी दुसऱ्या दिवशी आवळगावला फोन केला आणि दादाला सांगितलं, माझ्या नवऱ्यानं काही घेतलेलं नाही. तक्रार मागं घे, नाहीतर मी तुझी बहीण नाही. त्यानं घेतली नाही." तिनं मेथीची जुडी बाजूला ठेवली. "त्याच्या मयतीलासुद्धा मी मागंच उभी होते."

"तू मला बोलली नाहीस कधी."

"तुम्ही विचारलंत कधी?"

बाहेर कुणाची तरी मोटारसायकल गेली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज साधा होता, रोजचाच.

"मी तुमच्या एका शब्दावर माहेर सोडलं," ती म्हणाली. "आणि तुम्हाला वाटलं, मी पाण्याचं भावाला जाऊन सांगेन."